दोघांच्या पोकरमध्ये ब्लफ किती आणि व्हॅल्यू बेट किती?

मालवणहून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. चतुर्थीच्या जागरणात लहानपणापासून तीन पत्ती खेळत आलेला मित्रांचा एक गट आता टेक्सास होल्डेम (प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते आणि टेबलावर सर्वांचे मिळून पाच, असा पोकरचा प्रकार) खेळू लागला आहे. डाव रंगत जाऊन शेवटी दोघेच उरले की प्रश्नकर्त्याचे ब्लफ (हातात काही नसताना समोरच्याने पत्ते टाकावेत म्हणून लावलेली रक्कम) पकडले जातात, आणि खरोखर मोठा हात आला की समोरचा पत्ते टाकून मोकळा होतो. ब्लफ किती वेळा करावा, कोणत्या पत्त्यांवर करावा, व्हॅल्यू बेट (आपल्यापेक्षा कमी हातानेही रक्कम भरावी म्हणून लावलेली बेट) कधी आणि केवढी लावावी, आणि न पकडला गेलेला ब्लफ उघडून दाखवावा का, असे त्यांनी विचारले आहे.

या दोन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे. आपण बहुधा दोनच प्रसंगी बेट लावता, हात फार मोठा असला की आणि हातात काहीच नसले की. मधल्या सगळ्या हातांवर आपण चेक करता, म्हणजे काही न लावता पाळी पुढे देता, आणि फुकटात पत्ते उघडू देता. समोरच्याने हे ओळखायला हिशेब मांडावा लागत नाही, दोन संध्याकाळी सोबत बसणे पुरेसे असते. दक्षिण कोकणात आणि गोव्यात मी बरीच वर्षे दोघांचे पोकर खेळत आणि शिकवत आलो आहे, आणि तेवढ्यावरून माझे मत असे झाले आहे की नवशिक्यांचे बहुतेक नुकसान फसलेल्या ब्लफमधून होत नाही, तर जी व्हॅल्यू बेट लावायला हवी होती आणि लावलीच नाही तिच्यातून होते. फसलेला ब्लफ सगळ्यांच्या लक्षात राहतो, न लावलेली बेट कुणालाच दिसत नाही. म्हणून प्रश्न ब्लफबद्दल असला तरी उत्तराची सुरुवात व्हॅल्यू बेटपासून करतो.

आधी दोघांच्या खेळाची रचना स्पष्ट असावी. ज्याच्याकडे बटण (वाटप कुणाचे ते दाखवणारी खूण) असते तोच स्मॉल ब्लाइंड, म्हणजे सुरुवातीची लहान सक्तीची रक्कम भरतो, आणि समोरचा मोठी म्हणजे बिग ब्लाइंड भरतो. बटणवाला पत्ते वाटल्यावर पहिला बोलतो, पण फ्लॉपनंतर, म्हणजे टेबलावर पहिले तीन पत्ते उघडल्यानंतर, प्रत्येक फेरीत शेवटी बोलतो. शेवटी बोलण्याचा हा फायदा इतका मोठा आहे की बटणावर बहुसंख्य हात खेळणे योग्य ठरते. बटणाने दोन बिग ब्लाइंडांपर्यंत वाढवले, तर बिग ब्लाइंडवाल्याला तीन ब्लाइंडांच्या पॉटसाठी (मध्ये जमलेल्या रकमेसाठी) आणखी एकच भरावा लागतो, म्हणजे 25 टक्के जिंकण्याची शक्यता असली तरी त्याचे भागते, आणि म्हणून तोही बरेच हात खेळतो. परिणामी दोघेही फ्लॉपवर अगदी सामान्य पत्ते घेऊन येतात. जोडी नसलेले दोन पत्ते हातात असतील, तर फ्लॉपवर त्यांपैकी एखाद्याची तरी जोडी लागण्याची शक्यता सुमारे 32.4 टक्के आहे; म्हणजे तीनपैकी दोन वेळा समोरच्याला काहीही लागलेले नसते. नऊ जणांच्या टेबलावर मधली जोडी संशयास्पद वाटते, दोघांत तीच जोडी बऱ्याचदा चांगला हात असते. नऊ जणांत शिकलेली भीती येथे घेऊन आलेला खेळाडू हळूहळू, पण निश्चित हरतो.

तीन पत्तीची सवय येथे एका बाबतीत उपयोगी पडते आणि एका बाबतीत फार नडते. उपयोग हा की दोघे उरल्यावर समोरच्याच्या चालीवर अविश्वास दाखवण्याचे धैर्य आपल्याकडे आधीच असते. नडते ते असे की तीन पत्तीत चाल ठरलेल्या मर्यादेत वाढते आणि दोघे उरले की पुढची चाल भरून शो मागता येतो, त्यामुळे केवढी रक्कम लावायची हा विचार तेथे फारसा करावाच लागत नाही. नो-लिमिट होल्डेममध्ये पॉटच्या चौथाईपासून समोर असलेल्या सगळ्या चिप्सपर्यंत काहीही लावता येते, आणि ब्लफ किती करायचा याचे उत्तर या रकमेतच दडलेले असते. रकमेचा विचार न करता ब्लफचे प्रमाण विचारणे निरर्थक आहे.

आता व्हॅल्यू बेट. शेवटचा पत्ता म्हणजे रिव्हर उघडला आहे, समोरच्याने चेक केले आहे आणि आपण शेवटी बोलणार आहोत, अशा वेळी कसोटी एकच असते: समोरच्याने कॉल केला, म्हणजे तेवढीच रक्कम भरली, तर त्या कॉल करणाऱ्या हातांपैकी निम्म्याहून अधिक हात आपल्यापेक्षा कमी आहेत का? त्याच्या सगळ्या हातांपैकी किती कमी आहेत, हा प्रश्न येथे गैरलागू आहे, कारण जे हात तो टाकून देणार ते बेट लावली नसती तरी हरणारच होते. आपला हात चांगला आहे का, असे स्वतःला विचारणारा खेळाडू चुकीचा प्रश्न विचारतो. कोण कॉल करील, हा योग्य प्रश्न आहे.

एक उदाहरण शेवटपर्यंत मोजून पाहू. आपण बटणावर आहोत आणि हातात किलवर राजा व इस्पिक नव्वी आहे. फ्लॉपवर इस्पिक राणी, बदाम नव्वी आणि चौकट चौकी आली. समोरच्याने चेक केले, आपण लहान बेट लावली, त्याने कॉल केला. टर्नवर म्हणजे चौथ्या पत्त्याला किलवर दुर्री येऊन दोघांनीही चेक केले. रिव्हरवर इस्पिक सत्ती आली, त्याने पुन्हा चेक केले, आणि पॉटमध्ये 100 चिप्स आहेत. टेबलावर स्ट्रेट (ओळीने पाच पत्ते) किंवा फ्लश (पाचही पत्ते एकाच रंगाचे, जसे सगळे चौकट) शक्य नाही. त्याच्याकडे बऱ्यापैकी राणी असती तर टर्न चेक झालेला पाहून रिव्हरवर त्याने बहुधा स्वतःच बेट लावली असती. म्हणून आपल्यापेक्षा वरचढ असूनही येथे चेक करतील असे हात धरू या एक्का-नव्वी आणि दोन कमकुवत राण्या, राणी-पंजी व राणी-तिर्री. नव्व्या दोनच उरल्या आहेत, तेव्हा एक्का-नव्वीच्या जोड्या, म्हणजे हे दोन पत्ते हातात येण्याचे वेगवेगळे प्रकार, दोन गुणिले चार म्हणजे 8. राण्या तीन उरल्या आहेत, तेव्हा त्या दोन हातांच्या प्रत्येकी 12. एकूण 32 जोड्या. आपल्यापेक्षा कमी असूनही अर्ध्या पॉटएवढ्या बेटला कॉल करतील असे हात म्हणजे गुलाम, दश्शी, अठ्ठी किंवा छक्की यांच्यासोबतची नव्वी, प्रत्येकी 8 म्हणजे 32; अठ्ठी, छक्की आणि पंजीच्या हातातल्या जोड्या, प्रत्येकी 6 म्हणजे 18; आणि एक्का-चौकीच्या 12. एकूण 62.

म्हणजे 94 कॉलपैकी 62 वेळा आपण जिंकतो आणि 32 वेळा हरतो. पन्नासची बेट लावली तर फरकाच्या 30 वेळांचे 1500 चिप्स 94 कॉलवर विभागून दर कॉलमागे सुमारे 16 चिप्स पदरात पडतात. आपल्या टेबलावर या जागी दहापैकी नऊ जण चेक करतात आणि पॉट जिंकल्याच्या आनंदात हे 16 चिप्स सुटल्याचे त्यांच्या ध्यानातही येत नाही. उलट 50 ऐवजी 120 लावले, तर लहान जोड्या आणि एक्का-चौकी निघून जातात, अठ्ठी-छक्कीसोबतच्या नव्व्याही निघून जातात, आणि कॉल करायला उरतात कमी हातांपैकी फार तर गुलाम-नव्वी व दश्शी-नव्वीच्या 16 जोड्या. वरचढ 32 मात्र जागच्या हलत नाहीत. दर कॉलमागे 40 चिप्सचा तोटा. पत्ते तेच, टेबल तेच, समोरचा माणूस तोच. फक्त रक्कम बदलली आणि उत्तम बेटची वाईट बेट झाली. हर्णैच्या बंदरावर मासळीच्या लिलावात पाटीचा भाव सांगताना गिऱ्हाईक कोणते उभे आहे हे पाहूनच आकडा उच्चारावा लागतो, तसेच हे आहे.

अशी बारीक बेट लावल्यावर समोरच्याने रेज केले, म्हणजे रक्कम आणखी वाढवली, तर काय, अशी धास्ती पुष्कळांना वाटते आणि म्हणून ते चेक करतात. सर्वसाधारण खेळाडू रिव्हरवर चेक करून रेज करतो तेव्हा त्याच्याकडे बहुधा फार मोठा हात असतो. अशा वेळी पत्ते टाकून द्यावेत आणि 50 चिप्सवर विषय संपवावा. रेज करून ब्लफ करण्याची खरोखर सवय असलेला प्रतिस्पर्धी समोर असेल तेव्हाच बारीक बेट आवरती घ्यावी. असे खेळाडू थोडे असतात, पण ते ओळखता आले पाहिजेत.

फार मोठ्या हाताबाबत प्रश्नकर्त्याची तक्रार अशी आहे की समोरचा पळून जातो. याची दोन कारणे संभवतात. एक, मोठा हात आला की आपण पहिल्या दोन फेऱ्या दबा धरून बसता आणि रिव्हरवर एकदम मोठी रक्कम टाकता. तोवर पॉट लहान राहिलेला असतो आणि ती रक्कम विजोड दिसते. नो-लिमिटमध्ये पॉट गुणाकाराने वाढतो. फ्लॉपवर पॉटमध्ये 10 आणि प्रत्येकाच्या समोर 130 चिप्स असतील, तर तीन फेऱ्यांत पॉटएवढ्या बेटा लावल्यास 10, 30 आणि 90 अशा बरोबर 130 चिप्स आत जातात. यातली पहिली फेरी चेक करून घालवली, तर त्याच पद्धतीने उरलेल्या दोन फेऱ्यांत 10 आणि 30 म्हणजे 40 चिप्सच जातात. मोठ्या हातावर दबा धरणे म्हणजे 90 चिप्सवर आपण होऊन पाणी सोडणे होय. फ्लॉप आपणच पूर्ण अडवून ठेवला असेल, म्हणजे समोरच्याला लागण्यासारखे काही उरलेच नसेल, तर एखादी फेरी थांबावे. एरवी पहिल्या फेरीपासूनच लावत यावे. दुसरे कारण हे की आपल्या ब्लफची रक्कम आणि खऱ्या हाताची रक्कम वेगवेगळी असते. एकाच प्रसंगी एकच रक्कम, हातात काहीही असो, हा नियम नवशिक्याने निदान सुरुवातीला तरी मोडू नये.

आता ब्लफच्या प्रमाणाकडे येऊ. पॉट 100 असताना आपण 50 लावले, तर समोरच्याला 150 जिंकण्यासाठी 50 भरावे लागतात. चारपैकी एकदा जरी आपण खोटे निघालो तरी त्याचे भागते. म्हणून अर्ध्या पॉटच्या बेटमध्ये दर तीन खऱ्या हातांमागे एक ब्लफ असावा. त्याहून कमी असतील तर जाणता प्रतिस्पर्धी कॉल करणेच बंद करील, जास्त असतील तर प्रत्येक वेळी कॉल करील. पॉटएवढी बेट असेल तर दोन खऱ्यांमागे एक ब्लफ, आणि दुप्पट पॉट लावत असाल तर तीन खऱ्यांमागे दोन ब्लफ. मोठ्या बेटमध्ये ब्लफ जास्त बसतात, हे पहिल्यांदा ऐकताना उलटे वाटते, पण समोरच्याला कॉल महाग पडतो म्हणूनच ते शक्य होते. ब्लफच्या बाजूने पाहिले, तर अर्ध्या पॉटचा ब्लफ तीनपैकी एकदा, पॉटएवढा दोनपैकी एकदा आणि दुप्पट पॉटचा तीनपैकी दोनदा यशस्वी झाला की भांडवल सुटते. हे आकडे रिव्हरचे आहेत. फ्लॉप आणि टर्नवर प्रमाण याहून मोकळे असते, कारण पुढच्या फेऱ्यांतल्या बेटांचे ओझे कॉल करणाऱ्याच्या डोक्यावर असते आणि बऱ्याचशा ब्लफना पुढे खरा हात होण्याचीही संधी असते. टर्नवर फ्लशला एक पत्ता कमी असेल तर रिव्हरवर तो लागण्याची शक्यता 46 पैकी 9 म्हणजे साडेएकोणीस टक्क्यांच्या आसपास आहे. दोन्ही टोकांनी उघड्या स्ट्रेटला 46 पैकी 8. अशा हातांनी लावलेली बेट निम्मी ब्लफ आणि निम्मी खरी असते, आणि दोघांच्या खेळातले बहुतांश चांगले ब्लफ याच वर्गातले असतात. हातात काहीही नसताना आणि पुढेही काही होण्याजोगे नसताना रिव्हरवर अचानक सुचलेला ब्लफ बहुधा पकडला जातो, कारण त्याला आधीच्या फेऱ्यांची साथ नसते.

हे प्रमाण केवळ कागदावरचे नाही, हे पटवून घेण्यासाठी एक छोटा खेळ घरी खेळून पाहावा. गणितज्ञ हॅरॉल्ड कून यांनी 1950 मध्ये तो मांडला. पोकरमधल्या ब्लफचे गणित जॉन फॉन नॉयमान यांनी त्याआधीच मांडले होते, आणि 1944 मध्ये ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांच्यासोबत लिहिलेल्या ग्रंथात त्याला स्वतंत्र जागा दिली होती; कूनचा खेळ हे त्याचे सर्वांत सुटसुटीत रूप म्हणता येईल. राजा, राणी आणि गुलाम असे तीनच पत्ते घ्यायचे, प्रत्येकाने एक चिप आत टाकायची, एकेक पत्ता वाटायचा, आणि पुढे फक्त एका चिपची एकच बेट लावता येते. चिप्सऐवजी काजूच्या बिया चालतील. समजा दुसरी पाळी आपली आहे आणि पहिल्याने चेक केले. राजा असेल तर नेहमी बेट लावावी, गुलाम असेल तर तीनपैकी एकदा, आणि राणी असेल तर कधीही लावू नये. पॉट दोनचा आणि बेट एकची, म्हणजे अर्धा पॉट, आणि राजा तीनदा लागतो तेव्हा गुलाम एकदा. वरचे प्रमाण येथे नेमके उतरलेले दिसते. समोरून बेट आली आणि हातात राणी असली तर तीनपैकी एकदाच कॉल करावा. दोघेही बिनचूक खेळले तरी पहिल्या पाळीचा खेळाडू दर डावाला सरासरी एका चिपचा अठरावा भाग हरतो. शेवटी बोलण्याची किंमत तीन पत्त्यांतही अशी मोजता येते.

या खेळातल्या राणीकडे लक्ष द्यावे. राणीने बेट लावली तर गुलाम पळतो आणि राजा कॉल करतो. कमी हात एकही कॉल करत नाही, वरचढ हात एकही पळत नाही. अशी बेट व्हॅल्यूही नव्हे आणि ब्लफही नव्हे. प्रत्यक्ष खेळात मधल्या हाताने मोठी बेट लावून समोरचा कुठे आहे ते पाहतो, असे म्हणणारे लोक नेमके हेच करतात. वरच्या उदाहरणातली राजा-नव्वीही तशी मधलीच होती, पण तिच्याखाली कॉल करणाऱ्या कितीतरी जोड्या शिल्लक होत्या. 50 च्या बेटला ती राजासारखी वागते आणि 120 च्या बेटला राणीसारखी. हा फरक ज्याला मोजता येतो त्याला व्हॅल्यू बेट कळली, असे मी समजतो.

तीनपैकी एकदा हे मनाने ठरवू नये. माणूस स्वतःला वाटते तितका बेभरवशाचा नसतो. एक ब्लफ फसला की पुढचे चार डाव तो सरळ खेळतो, आणि समोरच्याला ते दिसते. घड्याळाचा सेकंदकाटा पहिल्या 20 सेकंदांत असेल तर ब्लफ, नाहीतर नाही, अशी साधी युक्ती पुरते.

कोणत्या पत्त्यांवर ब्लफ करावा, या प्रश्नाचे उत्तर बहुतेकांना अनपेक्षित वाटते. आपल्या हातातले पत्ते समोरच्याच्या हातात असू शकत नाहीत, म्हणून आपल्या पत्त्यांनी त्याचे कॉल करणारे हात कमी व्हावेत आणि टाकून देणारे हात तसेच राहावेत, अशी निवड करायची असते. टेबलावर चौकट राजा, चौकट गुलाम, किलवर छक्की, इस्पिक तिर्री आणि बदाम दुर्री आहे असे समजा. चौकटीचे दोन लहान पत्ते घेऊन फ्लशची वाट पाहत राहिलेला आणि निराश झालेला खेळाडू येथे हमखास ब्लफ करतो. त्याची ही निवड वाईट आहे, कारण समोरच्याकडे जे तुटलेले फ्लश असू शकले असते आणि जे त्याने लगेच टाकले असते, तेच आपण आपल्या हातात धरून ठेवले आहेत. त्याऐवजी चौकट नसलेली राणी-दश्शी घ्या. ती स्ट्रेटची वाट पाहत येथपर्यंत आली आणि हुकली, दाखवून जिंकण्यासारखे तिच्यात काही नाही, आणि तिच्यामुळे समोरच्याच्या राजा-राणीच्या जोड्या 12 वरून 9 वर येतात. राणी-गुलाम आणि गुलाम-दश्शीच्याही तशाच 12 वरून 9 वर. कॉल करणारे हात घटले, टाकणारे फ्लश शाबूत राहिले. एक्का वरचा असलेला हुकलेला हात मात्र ब्लफसाठी घेऊ नये, कारण समोरच्याच्या हुकलेल्या हातांपुढे तो चेक करूनही जिंकतो.

टेबलावर एकाच रंगाचे तीन पत्ते असताना त्या रंगाचा एकटा एक्का हातात असणे ही ब्लफची आणखी एक चांगली जागा आहे, कारण सर्वांत मोठा फ्लश समोरच्याकडे असूच शकत नाही आणि त्याच्या मधल्या फ्लशना मोठ्या बेटपुढे घाम फुटतो. मात्र फ्लॉप आणि टर्नवर आपण ज्या रीतीने खेळलो ती रीत खरोखर फ्लश असतानाही तशीच राहिली असती का, हे आधी तपासावे. आपली कहाणी जुळत नसेल तर एक्क्याचा उपयोग होत नाही.

संगणकांनी या खेळाचे काय केले, हेही थोडक्यात सांगतो, कारण आपल्या गटात कुणीतरी त्याचा हवाला देणारच. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या गटाने 2015 मध्ये ठरावीक बेटांचे म्हणजे लिमिट प्रकारचे दोघांचे होल्डेम जवळजवळ पूर्णपणे सोडवल्याचे जाहीर केले. नो-लिमिटमध्ये जानेवारी 2017 मध्ये पिट्सबर्ग येथे कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या लिब्रेटस या प्रणालीने चार व्यावसायिक खेळाडूंना 1,20,000 डावांत स्पष्ट फरकाने हरवले. तिच्या खेळात माणसांना सर्वांत जड गेलेली गोष्ट म्हणजे पॉटच्या कितीतरी पट मोठ्या बेटा, आणि त्याही खऱ्या व खोट्या हातांच्या काटेकोर मिश्रणाने लावलेल्या. वर सांगितलेले रकमेचे आणि ब्लफचे नाते तेथे पूर्ण ताकदीने वापरलेले दिसते.

तरीही आपल्या पडवीत समोर लिब्रेटस बसलेला नसतो. समतोल प्रमाण हे ज्याच्याबद्दल काहीच ठाऊक नाही अशा किंवा फार तरबेज प्रतिस्पर्ध्यासाठी असते. ज्याची सवय ठाऊक आहे त्याच्याविरुद्ध त्या प्रमाणापासून मुद्दाम दूर जायचे असते. तीन पत्तीतून आलेला खेळाडू बहुधा ‘बघूया तरी काय आहे ते’ म्हणून कॉल करतो, कारण शो मागण्याची त्याला सवय असते आणि न पाहता पत्ते टाकणे त्याच्या जिवावर येते. अशा माणसाविरुद्ध रिव्हरवरचे ब्लफ जवळजवळ बंद करावेत, बारीक व्हॅल्यू बेट वाढवाव्यात आणि खऱ्या हातावर रक्कमही वाढवावी. प्रश्नकर्त्याचे ब्लफ पकडले जातात याचे मुख्य कारण त्यांचे ब्लफ वाईट आहेत हे नसून ते न टाकणाऱ्या माणसावर केले जातात हे असावे, असे वर्णनावरून दिसते. मात्र त्याच वर्णनात मोठ्या हातावर समोरचा पळतो असेही आहे, म्हणजे तो रकमेवरून किंवा वागण्यावरून फरक ओळखतो. तेव्हा एकच रक्कम ठेवण्याचा नियम आधी लावावा आणि मग त्याची खरी सवय कोणती ते पाहावे. याच्या उलट स्वभावाचा, काही लागले नाही की लगेच पत्ते टाकणारा खेळाडू समोर असेल, तर फ्लॉपवर पॉटच्या तिसऱ्या हिश्शाएवढी लहान बेट जवळजवळ प्रत्येक वेळी लावावी. ती चारपैकी एकदा यशस्वी झाली तरी तोटा होत नाही, आणि तीनपैकी दोनदा त्याला काही लागलेलेच नसते.

सवय ओळखण्यासाठी उघडलेले हात आठवणीत ठेवावेत. चेहरा, हातांची थरथर, अचानक वाढलेली बडबड यांवर आपल्याकडे फार भर दिला जातो. मला त्याचा उपयोग मर्यादित वाटतो. रिव्हरवर कॉल करून त्याने काय दाखवले आणि मोठी बेट लावून काय दाखवले, एवढ्या दोन गोष्टी लिहून ठेवल्या तरी एका संध्याकाळी पुरेशी माहिती मिळते. स्वतःपुरते एवढेच करावे की प्रत्येक निर्णयाला सारखाच वेळ घ्यावा.

पैशांबद्दल प्रश्नात उल्लेख नाही, पण सांगणे आवश्यक आहे. महाराष्ट्रात पैसे लावून जुगाराचा अड्डा चालवणे आणि तेथे खेळणे 1887 च्या जुगार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा ठरते. राज्याचा 1976 चा कॅसिनो कायदा कधी अमलातच आला नाही आणि 2023 मध्ये तो रद्द करण्यात आला. ऑनलाइन पैशांचे खेळ चालवण्यावर संसदेने 2025 मध्ये संमत केलेल्या कायद्याने बंदी घातली आहे. गोव्यात मांडवीतल्या जहाजांवरचे कॅसिनो परवान्याने चालतात, पण तेथे कॅसिनो पॉटमधून आपला हिस्सा कापून घेते, आणि वरच्या उदाहरणातली 16 चिप्सची बारीक कमाई त्या कपातीत पुष्कळशी विरून जाऊ शकते. दोघांच्या खेळात तर दर डावाची कपात दोघांच्याच खिशातून जाते. शिकण्यासाठी बिनपैशांच्या चिप्स पुरेशा आहेत. मात्र त्या संपल्या की त्या रात्रीपुरता खेळ संपला असा नियम ठेवावा, नाहीतर चिप्सना किंमत उरत नाही आणि कुणीच पत्ते टाकत नाही.

न पकडला गेलेला ब्लफ दाखवावा का, हा शेवटचा प्रश्न. तरबेज प्रतिस्पर्ध्याला कधीही दाखवू नये. आपण कोणत्या टेबलावर, कोणत्या पत्त्यांनी आणि केवढ्या रकमेने ब्लफ करतो ही माहिती त्याला फुकट मिळते. मित्रांच्या गटात, जेथे तीच माणसे पुन्हा पुन्हा समोर येतात आणि आपल्या मोठ्या हातांना कॉल मिळत नाही, तेथे एखादा ब्लफ उघडून दाखवण्यास माझी हरकत नाही, पण त्यानंतर काही बैठका रिव्हरवर ब्लफ न करण्याची आणि दुसऱ्या-तिसऱ्या जोडीवरही बेट लावत राहण्याची तयारी असेल तरच. दाखवलेल्या ब्लफचा मोबदला त्या पुढच्या कॉलमधून वसूल होतो, आणि दाखवूनही तसेच ब्लफ करत राहिल्यास तो वसूल होत नाही.